नेपल्सची बाई, तेरची बाई

डिसेंबरात म्युनिकला साडेचारलाच अंधार पडतो. लातूरच्या उन्हात वाढलेल्या माझ्यासारखीला हे अंगवळणी पडायला काही हिवाळे जावे लागले. इथंच जन्मलेल्या माझ्या दोन्ही मुलांना मात्र त्यात काही वावगं वाटत नाही. पण अंधार असो की बर्फ, रविवारी पोरांना घेऊन जायचं कुठं हा प्रश्न उरतोच. ओटा नाही, गच्ची नाही, शेजारच्या काकूंच्या घरात सरळ घुसायची सोय नाही. या गावातल्या बहुतेक आईबापांचं त्यावरचं उत्तर एकच असतं: म्युझियम. पिनाकोटेकसारख्या सरकारी चित्रसंग्रहालयांचं रविवारचं तिकीट फक्त एक युरो असतं. इझार नदीच्या बेटावर 'डॉइचेस म्युझियम' आहे. ओस्कार फॉन मिलर या इंजिनिअरनं १९०३ साली त्याची स्थापना केली आणि बेटावरची इमारत १९२५ साली लोकांसाठी उघडली. तिथं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'किंडररायश' नावाचा विभाग आहे. त्यात पोरांना आत शिरून बसता येईल एवढी मोठी गिटार आहे आणि चढायला खराखुरा अग्निशामक बंब आहे. हात लावू नका, पळू नका, गप्प बसा, असं तिथं कुणी म्हणत नाही.

माझी मुलं अशी म्युझियममध्ये वाढली. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. म्युझियम ही गप्प बसायची जागा आहे हे त्यांना ठाऊकच नाही. काचेपुढं उभं राहायचं आणि विचारायचं: हे काय आहे, कुणी केलं, कशानं केलं, कुठून आणलं, परत का नाही दिलं. शेवटचा प्रश्न धाकटीचा. तो ती सगळीकडं विचारते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही इटलीला गेलो, तेव्हा नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय माझ्या यादीत सर्वांत वर होतं आणि त्याला कारण होतं. पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली आमेदेओ माइउरी या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात भारतात घडवलेली एक हस्तिदंती बाई सापडली. ते घर आता 'भारतीय मूर्तीचं घर' म्हणूनच ओळखलं जातं. शोध लागला तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि तेच नाव जगभर रुळलं. ती लक्ष्मी नसावी, यक्षी असावी, असं आता बरेच अभ्यासक मानतात. तिच्यासारखीच दिसणारी हस्तिदंती बाई आमच्या लातूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, तेरला सापडलेली आहे. हे मला ठाऊक होतं, मुलांना नव्हतं. त्यांना आधी सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पाँपेईची ही मूर्ती नेपल्सला 'गुप्त दालना'त ठेवलेली आहे, आणि त्या दालनाची गोष्ट एका कुटुंबाच्या म्युझियमभेटीपासूनच सुरू होते. १८१९ साली नेपल्सचा युवराज, पुढं राजा झालेला पहिला फ्रान्सिस, बायको आणि मुलीला घेऊन संग्रहालय बघायला आला. पाँपेईतली शृंगारिक चित्रं आणि शिल्पं मुलीच्या नजरेला पडली, तसा तो बिथरला. असल्या सगळ्या वस्तू एका खोलीत कुलूपबंद करा, असा त्यानं हुकूम सोडला. पुढची पावणेदोनशे वर्षं ती खोली कधी उघडी तर कधी बंद राहिली. सर्वांसाठी ती २००० साली खुली झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सोबत मोठं माणूस लागतं.

मी मुलांना आत नेलं. खोलीतल्या इतर गोष्टींवर फार वेळ न घालवता थेट त्या काचेपाशी गेलो. मूर्ती जेमतेम पंचवीस सेंटिमीटरची. एक पाय दुसऱ्यापुढं घेऊन उभी, एक हात मागं मानेकडं वळवलेला, दोन्ही बाजूंना तिच्या कमरेलाही न पोचणाऱ्या दोन दासी. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या, पायांत जाड वाळे, कमरेला मेखला, गळ्यात भरगच्च हार. मागून बघितलं तर पाठीवर रुळणारी वेणी. शिल्पकारानं पाठही पुढच्या अंगाइतक्याच मन लावून कोरली आहे. डोक्यातून खाली एक भोक गेलेलं आहे, त्यामुळं ही आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय असावा, असे तर्क आहेत.

"हिनं कपडे नाही घातले, मग एवढ्या बांगड्या कशाला?" धाकटी.

युवराजाच्या मुलीनंही असंच काहीतरी विचारलं असणार, असं मला वाटून गेलं. पोरांना खोटं सांगायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. मी सांगितलं की त्या काळी आपल्याकडं मूर्ती अशाच घडवत, सांचीला आहेत, कार्ल्याला आहेत, आणि दागिना हेच अंगभर नेसणं मानलं जाई. तिला पटलं. ती बांगड्या मोजायला लागली. थोरल्याचं लक्ष भोकाकडं होतं. त्याला आरशापेक्षा चौरंग पटला. आरसा असता तर बाई उलटी धरली गेली नसती का, असं त्याचं म्हणणं. उलटी का धरली जाईल, यावर बहीणभावांची तिथंच जुंपली.

आणि मग धाकटीचा नेहमीचा प्रश्न: "परत का नाही दिली?"

याचं उत्तर मला मनापासून आवडतं. ही चोरीची वस्तू नाही. कुणी लुटून आणलेली नाही, कुठल्या देवळातून उपटून आणलेली नाही. आपल्या कारागिरानं ती घडवली, व्यापाऱ्यानं विकली आणि तिकडच्या कुणीतरी दाम मोजून घेतली. ज्या काळात आपल्याकडून माल जात होता आणि रोमचं सोनं येत होतं, त्या काळातली ती विक्रीची वस्तू आहे. लंडन-पॅरिसची म्युझियम बघताना आपल्या मनात जो सल असतो तो इथं नसतो. मुलांना घेऊन बघायला म्हणूनच ही मूर्ती मला फार मोलाची वाटते.

दुसऱ्या दिवशी पाँपेई. दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेले चरे, खानावळींचे कट्टे, आणि प्लास्टरची माणसं. १८६३ साली जुझेप्पे फिओरेल्ली यांनी राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून त्या माणसांचे आकार मिळवले. एक जण गुडघे पोटाशी घेऊन बसलेला आहे. थोरला त्याच्यापुढून हलेना. हळूच म्हणाला, "आई, तुमच्याकडं पण असं झालं होतं ना? आजी सांगते."

मी त्याला किल्लारीचा भूकंप सांगितला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीची माळवदं. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं अंगावर आली. किल्लारीत, सास्तूरला आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसं गेली. लातूर शहरात आम्ही वाचलो, पण पुढं कित्येक रात्री सगळी गल्ली रस्त्यावर अंथरूण टाकून झोपत होती. मी तेव्हा थोरल्याएवढीच होते. पाँपेईच्या गल्लीत उभं राहून हे सांगताना माझा आवाज नीट निघत नव्हता. मुलं माझ्या हाताला धरून उभी राहिली. इतिहास शिकवायचा म्हणून कुठली माहिती द्यायची गरज त्या वेळी नव्हती.

रोममध्ये कापितोलिन संग्रहालयाच्या चौकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या अवाढव्य पुतळ्याचे संगमरवरी तुकडे मांडले आहेत: डोकं, हात, पाऊल. हे तुकडे १४८६ साली सापडले. मूळ पुतळा बसलेला होता. २०२४ साली शेजारच्या बागेत त्याची तेरा मीटर उंचीची पूर्ण प्रतिकृती उभी केली. धाकटी त्या पावलाच्या अंगठ्यापुढं उभी राहिली तर अंगठ्याचं नखच तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठं भरलं. बाकी रोम आम्ही भराभर बघितलं. उकाडा आणि आइस्क्रीम यांपुढं सम्राटांचं फारसं चालत नाही.

त्या दिवाळीला आम्ही घरी आलो. बव्हेरियातल्या शाळांना नोव्हेंबरच्या आगेमागे शरदाची सुट्टी असते. दिवाळी तिला लागून आली की माहेर लातूर आणि सासर नांदेड अशी दोन्ही टोकं गाठता येतात. फराळाचा पहिला भर ओसरल्यावर आम्ही तेरला निघालो. सोबत माझे आईबाबा. रस्ता मुरूड, ढोकी, तेर. बाबांना गाडीत बसल्यापासून बार्शी लाइटची आठवण. कुर्डुवाडी-बार्शी ही अरुंद रुळांची रेल्वे १८९७ला सुरू झाली, १९११ला लातूरला पोचली, आणि तेर हे तिच्यावरचं स्टेशन. "पळत जाऊन पकडता यायची बघ ती गाडी," बाबा थोरल्याला सांगत होते. रूळ रुंद झाले तेव्हा ती गेली. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती याच जुन्या वाटेवरून.

तेर आज तेरणाकाठचं एक साधं गाव. दोन हजार वर्षांपूर्वी ते 'तगर' होतं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून तऱ्हेतऱ्हेचं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जाई, असं तो लेखक सांगतो. थोरल्यानं हिशेब केला: "म्हणजे तीस दिवस बैलगाडी, मग बोट, मग नेपल्स?" मूर्ती नेमकी तेरहून गेली असं कुणी म्हणत नाही, हे मी त्याला लगेच सांगितलं. तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, ती लिपी वायव्येकडची, त्यामुळं ती कुठं घडली आणि कोणत्या वाटेनं गेली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण भोकरदन आणि तेर इथं तशाच घडणीच्या हस्तिदंती बाया मिळाल्या आणि दख्खनचं नाव या चर्चेत पक्कं झालं.

तेरचं संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावानं आहे. लामतुरे तेरचेच. गावाभोवती पांढरीची टेकाडं आहेत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे ढीग. पाऊस पडला, नांगर फिरला, कुणी घराला माती खणून नेली की त्यातून मणी, नाणी, खापरं, बाहुल्या वर येत. लोकांना ती मोडकी खेळणी वाटत. लामतुरे ती जपत, विकत घेत, सांभाळून ठेवत. पुढं हा हजारो वस्तूंचा संग्रह सरकारकडं आला आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं हे संग्रहालय उभं राहिलं. ब्रिटिश म्युझियममधले डग्लस बॅरेट यांनी १९६० साली 'तेर' नावाचं स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यामागंही एका खेडेगावातल्या माणसानं वर्षानुवर्षं वाकून उचललेल्या या वस्तू आहेत. लामतुऱ्यांचं नाव मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असायला हवं, असं मला वाटतं.

आत गेल्यावर धाकटी सरळ त्या बाईपुढंच जाऊन थबकली. मी काहीही दाखवलं नव्हतं. "हिची बहीण तिकडं आहे," तिनं आजीला सांगितलं. तेरची बाई नेपल्सच्या बाईपेक्षा लहान आहे. पण उभं राहण्याची ती लकब, तो दागिन्यांचा भार, हातभर बांगड्या तशाच. मी फोनवर नेपल्सचे फोटो काढून दाखवले. माझ्या आईनं दोन्हींकडं आलटूनपालटून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे हात तर लमाण बायांचे हायत. आमच्या लहानपणी बाजाराला यायच्या, कोपरापासून वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या. हस्तिदंताच्याच म्हणायचे. आता प्लास्टिकच्या घालायलेत."

लातूर-नांदेडच्या तांड्यांवरच्या आज्यांचे हात मीही पाहिलेले आहेत आणि तरी नेपल्समध्ये मला ते आठवले नव्हते. दोन हजार वर्षांची परंपरा अखंड चालत आली, असला दावा मी करणार नाही. पण त्या काचेपुढं आजीच्या तोंडून हे ऐकल्यावर मुलांसाठी ती मूर्ती पुस्तकातली राहिली नाही.

हत्ती मेला का, हा प्रश्न आलाच. हस्तिदंताचा व्यापार आता बंद आहे, हे सांगितलं. मग मराठवाड्यात हत्ती होते का? या प्रश्नाचं उत्तर मांजरा नदी देते. मांजरा खोऱ्यात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्तीचे, रानबैलांचे, एवढंच काय पाणघोड्याचेही अश्मीभूत अवशेष मिळालेले आहेत. ते तगरच्या किती तरी हजार वर्षं आधीचे. मांजरेत पाणघोडा! उन्हाळ्यात कोरडी पडणारी आमची मांजरा बघितलेल्या बाबांना हे नातवाकडून ऐकताना भलतंच नवल वाटलं.

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो बाहुल्यांपुढं. तेरला केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या मिळाल्या आहेत. दोन साच्यांत पुढची आणि मागची बाजू वेगळी दाबायची, मग दोन्ही जोडायच्या. आतून पोकळ. मी हे समजावून सांगायच्या आधीच थोरला काचेला नाक लावून म्हणाला, "ही शिवण बघ. चॉकलेटच्या सशासारखी." ईस्टरला जर्मनीत चॉकलेटचे पोकळ ससे मिळतात, तेही दोन अर्ध्या साच्यांत होतात आणि कानापासून शेपटीपर्यंत कडेनं एक बारीक रेघ राहते. बाहुलीच्या कानापासून खांद्यावरून खाली तशीच रेघ होती. एका ठिकाणी जोड जरा सरकलेला, कारागिराच्या बोटानं तो दाबून सारखा केलेला. तिथल्या कर्मचाऱ्यांनी थोरल्याचं बोलणं ऐकलं आणि टॉर्च आणून ती रेघ उजेडात दाखवली. मग ते आमच्यासोबतच फिरले. रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला दाखवल्या. त्या गळ्यात घालायला वर कडी असते. "खोटे पैसे?" धाकटी. "नाही बाळा, फॅशन," ते म्हणाले.

माझी तक्रार इमारतीबद्दल नाही, माणसांबद्दल तर मुळीच नाही. आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांत मुलांचा विचारच केलेला नसतो, ती खंत आहे. काचपेट्या मोठ्या माणसांच्या छातीच्या उंचीवर असतात. सहा वर्षांच्या पोरीला तिथं फक्त लाकडी कड दिसते. तेरलाही मी धाकटीला बराच वेळ कडेवर घेऊन फिरले. पाट्यांवर 'मृण्मय स्त्री-प्रतिमा, सातवाहन काळ' एवढंच, आणि तेही पाठांतराच्या भाषेत. एक लाकडी पायरी, चार सोप्या ओळींची पाटी, हातात घेऊन बघायला खापराचे दोनचार तुकडे आणि बाहुलीचा एक नवा साचा, यांना कितीसा खर्च येतो? तेरमध्ये तर कुंभारकामाची थोर आठवण आहे. हे गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. तिथं पोरांना चिखल तुडवायला आणि साच्यात बाहुली दाबायला मिळावी, यासाठी म्युनिकची ऐपत लागत नाही.

गोरोबाकाकांच्या मंदिरात दर्शन घेऊन आम्ही त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. विटांचं हे देऊळ महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या उभ्या वास्तूंपैकी. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार, कारण मूळ वास्तू बौद्ध चैत्यासारखी होती असं मानतात. मंडप नंतरचा. आत पाऊल उचललेला त्रिविक्रम. बलिप्रतिपदा नुकतीच झालेली. बळीराजाची गोष्ट माझ्या आईनं तिथंच सांगितली आणि बळीवर अन्याय झाला, यावर दोन्ही नातवंडांचं तिच्याशी एकमत झालं. बाहेर शिवारात धाकटीला खापराचा रंगीत तुकडा सापडला. तो तिनं खिशात घातला नाही, जागेवर ठेवला. जमिनीतून उचलून नेलं की ते कुठलं हे कुणालाच कळत नाही, हे तिला टॉर्चवाल्या काकांनी सांगितलं होतं.

नांदेडला सासरी गेल्यावर संध्याकाळी सचखंड हुजूर साहिब. गुरू गोविंदसिंग इथंच १७०८ साली निवर्तले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. गुरूंची शस्त्रं इथं जपलेली आहेत आणि संध्याकाळी संगतीला त्यांचं दर्शन घडवतात. काचेत न ठेवता माणसाच्या हातात उचलून, नाव घेऊन दाखवलेली तलवार मुलं पहिल्यांदाच बघत होती. थोरला डोक्याला बांधलेला रुमाल सावरत शेवटपर्यंत टाचा उंचावून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी, मुलांच्या आबांनी, गाडी कंधारकडं काढली. कंधार म्हणजे राष्ट्रकूटांचं. लट्टलूर, म्हणजे आजचं लातूर, हे आपलं मूळ गाव असं बिरुदांत मिरवणारं हे घराणं. कंधारला सापडलेल्या शिलालेखात तिसऱ्या कृष्णाच्या काळातलं हे नगर आणि तिथली देवळं वर्णिलेली आहेत. भुईकोट किल्ला आहे, खंदक आहे, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आहे. पण आबांना दाखवायचे होते ते क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष. त्यात एक पाऊल आहे. बोटं, नखं, सगळं स्पष्ट.

"कॉन्स्टंटाइन!" धाकटी ओरडली आणि अंगठ्यापाशी धावली.

इथं काच नव्हती, दोरी नव्हती. थोरल्यानं आबांचं उपरणं मागून घेतलं आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरलं. मग स्वतःचा बूट काढून स्वतःचं पाऊल मोजलं, आबांनी भिंतीला टेकवून त्याची उंची घेतली, आणि पाऊल उंचीच्या साधारण सहावा-सातवा भाग असतं हे दोघांनी मिळून काढलं. आबा निवृत्त शिक्षक. त्यांना आता त्रैराशिकाचा जोर चढला. जमिनीवर काडीनं आकडे लिहिले, उत्तर आलं, दोघांनी वर आभाळात तेवढ्या उंचीपर्यंत बघितलं.

"पण आबा, रोमचा बसलेला होता," थोरला म्हणाला. "हा पण बसलेला असेल तर?"

आबा गप्प झाले. पुन्हा पावलाभोवती फिरले, घोट्यापाशी दगड कसा तुटलाय ते वाकून बघितलं. "हितं कंधारात या मूर्तीवर लिहिलेलं एक मास्तर हायत, माझ्या वळखीचे," ते म्हणाले. "दुपारी झोपायलेत का बघू चल." जेवण बाजूला राहिलं आणि दोघंही आकड्यांचा कागद घेऊन गावाकडं चालायला लागले.